मेडिकलच्या आधीच्या गॅप इयरमध्ये केलेला बीएलएस कोर्स: ५ पैकी ४

मेडिकलची ॲडमिशन झाली पण जायचं पुढच्या वर्षी, म्हणजे हातात अख्खं वर्ष मोकळं आणि सल्ले द्यायला सगळे तयार. कुणी म्हणे रिसर्च कर, कुणी म्हणे ॲनाटॉमी आत्ताच वाचून काढ (अजिबात ऐकू नका, तिथे गेल्यावर तेच करायचंय), एकीने तर परदेशातल्या व्हॉलंटियरिंग पॅकेजची लिंक पाठवली. फोटो भारी होते, पण नीट वाचलं तर काहीच न शिकलेल्या पोरांना पेशंटवर हात बसवू देणार आणि वर पैसे आपणच भरायचे. नाही पटलं. मग म्हटलं आधी एका दिवसाचं काहीतरी करून बघू, आपल्याला हे काम झेपतं तरी का, आणि बीएलएसला नाव घातलं. बीएलएस म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं) वगैरे.

थिअरी घरी ऑनलाइन, ती ठीकठाक. खरी मजा प्रॅक्टिकलला. कागदावर सगळं सोपं आहे, छातीच्या मधोमध हाडावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, निदान ५ सेंटिमीटर खोल पण ६ च्या पुढे नको, ३० दाबांनंतर २ श्वास. आता हे डमीवर करून बघा. दीड मिनिटात माझे खांदे भरून आले, आणि मला वाटत होतं मी झकास करतेय, डमीचा दिवा (बरोबर दाबलं तरच लागतो तो) मात्र कधीच विझला होता. कारण काय तर दाबून झाल्यावर मी अंगाचा भार तसाच ठेवत होते, छाती पूर्ण वर येऊच देत नव्हते, आणि ती वर आली नाही तर हृदयात पुन्हा रक्त भरणार कसं? म्हणूनच दर २ मिनिटांनी माणूस बदलतात, दमलेल्याला आपण दमलोय हे कळतच नाही. शिकवणाऱ्या ताईंनी हे तीनदा करून घेतलं, न चिडता. एक स्टार फक्त त्यांचा.

त्यांनीच सांगितलं की या डमीची मूळ आवृत्ती १९६० ची, नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या ओसमुंड लेर्दाल यांची, आणि तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या म्हणतात त्या अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. तोंडाने श्वास देताना तेच डोक्यात होतं.

कापलेला एक स्टार गर्दीसाठी. सहा जणांत एक डमी, त्यामुळे निम्मा वेळ दुसऱ्याचं बघण्यात गेला, आणि तान्ह्या बाळाचा भाग तर अक्षरशः उरकला. एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन, मात्र प्रत्येकाला हाताळायला मिळालं, ते स्वतःच बोलून सांगतं काय करायचं, घाबरायचं काही नाही.

सर्टिफिकेट २ वर्षं चालतं, पण हाताची सवय काही महिन्यांतच जाते, हे कुणी आधी सांगत नाही. तरी मी म्हणेन वर्षाच्या पहिल्याच महिन्यात करा. मला त्या दिवशी कळलं की लॅबमध्ये बसण्यापेक्षा माणसांजवळ राहायचंय, मग मी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले, जेवण भरवणं, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची ठरल्या वेळी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ॲप्लिकेशनमध्ये मिरवण्यासारखं यात काही नाही. आणि माझ्यासोबत कोर्सला असलेल्या एका मुलाला नेमकं उलटं कळलं, तो आता आनंदाने रिसर्चच करतोय, त्याचेही पैसे वसूलच म्हणायचे.

पुढच्या महिन्यात रिफ्रेशरला जातेय, याच ताईंकडे. फक्त यावेळी आधी फोन करून विचारणार, डमी किती आहेत.