मोजणीची नोटीस शेजाऱ्याला आली होती का?

सासऱ्यांनी 1994 मध्ये मानेवाड्याच्या बाजूला एका सोसायटीच्या लेआउटमध्ये 40 बाय 50 चा कॉर्नरचा प्लॉट घेऊन ठेवला होता. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, मी शाळेत शिकवते, मिस्टर चंद्रपूरला शिफ्टमध्ये. प्लॉटकडे वर्षातून दोनदा चक्कर व्हायची, तीही गाजरगवत काढायला माणूस लावायचा म्हणून. फेब्रुवारी 2024 मध्ये गेले तर आमच्या जागेवर कुणीतरी गिट्टीचा आख्खा ट्रक रिकामा करून ठेवलेला. विचारलं तर कुणाचीच नाही. आठ दिवसांनी गिट्टी गेली, पण माझी झोप गेली ती गेलीच. आज गिट्टी टाकली, उद्या टपरी टाकतील, परवा त्या टपरीचं लाइटबिल निघेल. नागपुरात रिकामा प्लॉट ज्याच्याकडे आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

लेआउटच्या तोंडाशी विजेच्या खांबाला पाटी होती: रेडीमेड कंपाउंड, तार फेन्सिंग, मोजणी व परवानगीसह. फोन लावला. चाळीस मिनिटांत माणूस हजर. तिशीतला, बोलायला गोड, पायातल्या चपला काढून प्लॉटवर पाय ठेवणारा. (हे मला तेव्हा फार भावलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.)

"ताई, तुम्ही फक्त पैसे तयार ठेवा जी. मोजणी, परमिशन, कंपाउंड, गेट, सारं माह्याकडे. तुम्हाले हापिसात एक चक्कर नाही मारावी लागत."

मी अडकले ती या शेवटच्या वाक्यात. तीन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला मला सुटी कोण देणार? आमचा लेआउट '1900' मधला. नागपूरकरांना हा आकडा कळतो, बाहेरच्यांसाठी सांगते: शेतजमिनीवर परवानगीशिवाय पडलेले जे शेकडो लेआउट नंतर नियमित करायला घेतले, त्यांची 572 आणि 1900 अशी दोन गाठोडी आहेत. आमची डिमांड, म्हणजे नियमित करायला मागितलेली रक्कम, भरून आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, 2009 मध्ये हातात आलं होतं. पण कुठला प्लॉट महानगरपालिकेकडे, कुठला नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), कुठला एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे अर्ध्या प्लॉटधारकांना नीट सांगता येत नाही. या धंदेवाल्यांचं खरं भांडवल तेच आहे.

त्याचा हिशेब असा होता. चारी बाजूंचे मिळून 180 रनिंग फूट, 420 रुपयांनी 75,600. गेट 18,000. मोजणी 15,000. परवानगी फी 12,000. एकूण 1,20,600. हिशेबातच एक गंमत होती आणि रोज मुलांना परिमिती शिकवणाऱ्या मला ती दिसली नाही. गेट 10 फुटांचं. म्हणजे भिंत 170 फूटच लागणार. गेटच्या जागेवर मी भिंतीचेही पैसे दिले आणि गेटचेही.

मोजणी झाली रविवारी सकाळी साडेसातला. दोन पोरं तिपाईवर पिवळी मशीन लावून आली, एकाने पलीकडे काठी धरली, पाऊण तासात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. मशीन खरी होती, टोटल स्टेशन म्हणतात ती, भाड्यानेही मिळते. सरकारी भूकरमापक रविवारी उजाडता उजाडता कसा आला, हा प्रश्न डोक्यात आला होता. मी विचारला नाही. बाई माणसाने फार शंका घेतल्या की समोरचा दर वाढवतो, असं आमच्या घरात म्हणतात. चार दिवसांनी त्याने मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा सरकारी नकाशा, आणून दिली. निळा गोल शिक्का, लफ्फेदार सही, मोजणी रजिस्टरचा नंबर. सोबत परवानगीची पावती. मी दोन्ही कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये देवाच्या फोटोमागे ठेवले.

मे महिन्यात दोन दिवसांत कंपाउंड उभं. सिमेंटचे खांब, मध्ये आडवे पॅनेल, जमिनीवर 7 फूट. मी भाचीला फोटो पाठवला, तिने लिहिलं, "मामी, किल्ला!"

जूनमध्ये शेजारच्या प्लॉटचे काकाजी अमरावतीहून लेकीकडून परतले. आल्या आल्या त्यांनी कंपाउंडकडे बघितलं, पावलं टाकली, आणि मला फोन केला. भांडतील असं वाटलं होतं. ते भांडले नाहीत.

"बाई, मोजणी केली म्हणता ना तुम्ही? मंग मले नोटीस काहून नाही आली?"

मी म्हटलं, मोजणी आमच्या प्लॉटची, तुम्हाला कशाला नोटीस?

"माह्या उमरेडच्या वावराची तीनदा मोजणी झाली. दरवेळी आजूबाजूच्या साऱ्यायले नोटीस जाते. हद्द काय एकट्याची रायते का?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि ती 'क' प्रत घेऊन भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेले. बाबूंनी नंबर टाकून बघितला आणि प्रत माझ्याकडे परत सरकवली. तो मोजणी नंबर खरा होता, पण भलत्याच मौज्यातल्या (महसुली गावातल्या) भलत्याच माणसाचा. कुणाच्या तरी खऱ्या प्रतीवरून नाव आणि नकाशा बदलून माझी प्रत तयार केली होती.

खरी मोजणी कशी होते ते त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून मला कळलं. अर्ज ऑनलाइन होतो, फी सरकारी चलनाने भरली जाते, मोजणीची तारीख अर्जदाराला कळवतात आणि लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस निघते. भूकरमापक जागेवर हद्दी दाखवतो, कोण हजर होतं त्याची नोंद होते, मग नकाशा बनून 'क' प्रत मिळते. माझ्या 15,000 पैकी एक रुपया चलनात गेला नव्हता. सगळे त्याच्या फोनपेवर. त्या बाकावर मी स्वतःशी म्हटलं, सरकारी फी कधी कुणा दादाच्या फोनपेवर भरतात का गं?

परवानगीच्या पावतीचा निकाल तर आणखी लवकर लागला. पावतीवर छापलं होतं महानगरपालिका. आमच्या लेआउटचं नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला परवानगी देणारं कार्यालय, तेव्हा होतं नासुप्र. पाकीट मारणाऱ्याने निदान खिसा तरी बरोबर निवडावा!

नासुप्रच्या विभागीय कार्यालयात मी स्वतःहून गेले. तोपर्यंत रस्त्यापलीकडच्या कुणीतरी तक्रार टाकलेलीच होती. कनिष्ठ अभियंता तरुण मुलगा होता, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. त्याने आर.एल. चा नकाशा पसरला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कंपाउंड रजिस्ट्रीप्रमाणे मारलं की आर.एल.प्रमाणे?" मला यातला फरकच माहीत नव्हता. रजिस्ट्रीत 2,000 चौरस फूट. आर.एल. च्या नकाशात रस्त्याच्या बाजूने एक पट्टी सोडलेली, म्हणून आमचं निव्वळ क्षेत्र कमी. कंपाउंडवाल्याने रजिस्ट्रीचे 40 आणि 50 धरून टेप ओढला होता. परिणाम, पश्चिमेला चार फूट रस्त्यात आणि दक्षिणेला दीड फूट काकाजींच्या प्लॉटात.

दीड फूट कुठून आलं, याचं उत्तर काकाजींनी दिलं आणि तेच मला पटतं. सोसायटीच्या माणसाने 1994 मध्ये एका टोकापासून टेप धरून दगड पुरले. प्रत्येक प्लॉटला दोन-चार इंच इकडेतिकडे. दहा प्लॉट ओलांडेपर्यंत त्या इंचांचे फूट होतात आणि शेवटच्या कॉर्नरवाल्याचा दगड कुठेतरी सरकून बसतो. जुन्या दगडावर भरवसा ठेवून कंपाउंड मारणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील.

मग उंची. राज्यात डिसेंबर 2020 पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, यूडीसीपीआर, तिचं पान त्या मुलाने काढून दाखवलं. समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून कंपाउंड वॉलची उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं, पण मग वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसणारा हवा, जाळी किंवा ग्रिलचा. आणि दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असाल तर दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत भिंत फक्त 0.75 मीटर, त्यावर हवं तर रेलिंग, म्हणजे वळणाऱ्या गाडीला समोरचं दिसतं. 10 मीटर म्हणजे 33 फूट. आमच्या 40 फुटांच्या बाजूतले 33 फूट कमरेपेक्षाही खाली ठेवायचे होते. तिथे मी 7 फुटांचा किल्ला बांधून बसले होते. गेटसुद्धा आत उघडायला हवं. माझं रस्त्यावर उघडत होतं, कारण आतली जमीन उंच आणि ती छाटायचा कंपाउंडवाल्याला कंटाळा.

खरं सांगायचं तर त्या कोपऱ्यावर दुचाकीवाल्यांना काही दिसत नाही हे मलाही जाणवलं होतं. मी हॉर्न वाजवून वळत होते.

आणि मग पाऊस आला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बोट जाईल एवढी, आणि पावसात फुगते. या मातीत खांबाचा खड्डा खोल हवा, भोवती काँक्रीट हवं. त्याने जेमतेम फूटभर खणून माती-दगड ठोकले होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेची रांग एका बाजूला कलली आणि दोन खांब मोडले. मोडलेल्या तोंडातून जे बाहेर आलं ते बघून मिस्टर हसायलाच लागले. कोटेशनमध्ये 6 एमएमच्या चार सळाखी लिहिल्या होत्या. आत दोन तारा होत्या, साध्या, बांधायच्या. असे खांब घेणार असाल तर एक मोडून दाखवा म्हणा. जो तयार होत नाही त्याला तिथूनच परत पाठवा. तारेचं कुंपण करणाऱ्यांनी गेज नीट बघावा. 14 गेज ही 12 पेक्षा बारीक असते. आकडा मोठा म्हणजे तार जाड, असं सांगणारे विक्रेते मी नंतर दोन पाहिले.

तोपर्यंत मी कंपाउंडवाल्याला 1,05,000 दिले होते. 65,000 फोनपेवर, 40,000 रोख. रोखीचं त्याने सुचवलं नव्हतं, मीच दिले, घरात होते म्हणून. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर, फक्त एक देवीचं चित्र आणि मोबाइल नंबर. पहिले काही दिवस फोन उचलायचा, "ताई, बाहेरगावी हावो." मग उचलणं बंद.

पोलिसांत गेले तेव्हा पहिलं वाक्य अपेक्षित होतं तेच ऐकलं: हा दिवाणी मामला आहे, काम खराब केलं म्हणून कुणी आरोपी होत नाही. ते चूकही नाही. पण मी भिंतीबद्दल एक शब्द न बोलता बनावट 'क' प्रत, बनावट पावती आणि भूमी अभिलेखकडून लेखी घेतलेलं उत्तर असे तीन कागद पुढे ठेवले, तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. वाकडी भिंत हे निकृष्ट काम, खोटा शिक्का हा गुन्हा. तक्रार लिहिताना या दोन गोष्टींची खिचडी करू नका. आता फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे, पण आमचा व्यवहार 1 जुलै 2024 च्या आधीचा, त्यामुळे जुनंच 420. बोलावणं गेल्यावर कंपाउंडवाले साहेब प्रकटले आणि 20,000 तिथल्या तिथे माझ्या फोनपेवर आले. रोख दिलेल्या 40,000 बद्दल मात्र तो म्हणाला, "ताईले गैरसमज झाला."

बाकीच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन, फोनपेचे स्क्रीनशॉट, मोडलेल्या खांबाचे टेप लावून काढलेले फोटो, सगळं जोडलं. वकील न लावता मीच उभी राहते. तारखा पडताहेत.

खरी मोजणी दिवाळीच्या आधी झाली. या वेळी चलन मी भरलं आणि नोटीस काकाजींना आली. त्यांनी ती मला फोटो काढून पाठवली, खाली लिहून, "आता झाली मोजणी." मोजणीच्या दिवशी ते टोपी घालून वेळेआधी हजर होते आणि हद्दीचे दगड स्वतः धरून बसवून घेतले. आता दक्षिणेला आमचं दोघांचं मिळून एकच कुंपण आहे, अर्धा अर्धा खर्च, खांब अडीच फूट खाली काँक्रीटमध्ये, वर जाळी. कागदावर दोघांच्या सह्या आहेत, दुरुस्ती कुणी कशी करायची तेही लिहिलंय. कोपऱ्याच्या बाजूला अडीच फुटांची भिंत आणि तिच्यावर रेलिंग.

जुने पॅनेल प्लॉटच्या मागच्या अंगाला रचून ठेवले आहेत. आयोगाचं काम संपेपर्यंत विकता येत नाहीत, पुरावा आहे ना. काकाजींनी विचारलं होतं चार, गोठ्याला लावायला. त्यांना म्हटलं, थांबा जी, पुढची तारीख होऊ द्या.