मरायला टेकलेली हार्ड डिस्क काढून एसएसडी: पावसाळा आणि ऑक्टोबर हीट काढल्यानंतरचा अनुभव

लॅपटॉप २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, आत ५४०० आरपीएमची ५०० जीबी हार्ड डिस्क. मे महिन्यात ती काढून क्रुशियल एमएक्स५०० ही ५०० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क; साटा हे तिच्या जोडणीचं नाव) बसवली. तेव्हापासून मशीन रोज लोकलने जातंय-येतंय, घरी दमट हवेत आणि ऑफिसच्या एसीत चालतंय. निकाल आधीच सांगतो: जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा याहून मोठा बदल दुसरा नाही. पण डिस्क आधीच बिघडू लागली असेल तर वेगाचा विचार नंतर करावा. आधी डेटा, आणि तोही योग्य क्रमाने.

डिस्क खरंच जातेय का, हे अंदाजाने ठरवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची स्वतःचीच नोंदवही वाचून दाखवतो. त्यात चार ओळी बघायच्या. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट बघत असलेले सेक्टर. सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. चौथी ओळ सी७, आणि मुंबईत ती विसरू नये. ती डिस्कच्या नव्हे, डिस्क ते मदरबोर्ड या वाटेवरच्या चुका मोजते. सी७ वाढतोय आणि बाकी तिन्ही शून्य असतील, तर बहुधा दोष पट्टीच्या केबलचा किंवा कनेक्टरवर चढलेल्या थराचा असतो. समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत हे होतंच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर पुसून, केबल पुन्हा घट्ट बसवून आठवडाभर आकडा थांबतो का ते बघा. डिस्कचे पैसे वाचू शकतात. प्रोग्राममध्ये हे आकडे मुळात हेक्स (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसतं तिथे खरे १६ असतात.

आमच्या डिस्कवर सी५ दर आठवड्याला चढत होता आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत होती. अशा वेळी सर्वात घातक सल्ला म्हणजे ‘चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) मारून बघ’. पूर्ण तपासणीचं चेकडिस्क थकलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं आणि वर फाइल सिस्टिममध्ये दुरुस्त्याही लिहितं. आधी नव्या डिस्कवर पूर्ण नक्कल, मग चेकडिस्क, आणि तेही नव्या डिस्कवर. आतून टक-टक आवाज येऊन डिस्क दिसेनाशी होत असेल, तर घरचे प्रयोग तिथेच थांबवावेत. बहुधा हेडच (चकतीवरून डेटा वाचणारं टोक) गेलेलं असतं, आणि प्रत्येक वेळी चालू केल्याने चकतीवर चरे वाढू शकतात. तो डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावा.

नक्कल काढण्याआधी लागणाऱ्या फाइल्स (फोटो, टॅलीचा डेटा, आउटलुकची फाइल) वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घ्या. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजचं डेटाला कुलूप लावणारं साधन) कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शटडाउनने फाइल सिस्टिम अर्धवट उघडी राहते, म्हणून शिफ्ट दाबून शटडाउन करा.

क्लोनिंगचे (हुबेहूब नक्कल काढायचे) सोपे प्रोग्राम निरोगी डिस्कवर उत्तम चालतात. खराब सेक्टर लागला की त्यातले बरेचसे अडून बसतात किंवा काम सोडून देतात. इथे लिनक्सचा डीडीरेस्क्यू वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा नकाशा-फाइलमध्ये नोंदवतो आणि शेवटी फक्त त्यांच्याकडे परत जातो. पहिली फेरी खरवडण्याशिवाय (अडलेल्या जागी सेक्टर-सेक्टर झगडत न बसता), दुसरी फेरी अडलेल्या जागांवर तीन प्रयत्नांची, एवढं पुरतं. नकाशा-फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं तिथेच ठेवली तर ती बहुधा रॅममध्येच असते, वीज गेली की तीही गेली. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे आकारावरून नव्हे, मॉडेल आणि सीरियल नंबरवरून ठरवा. दोन्ही ५०० जीबीच्या असतात आणि उलटी दिशा दिली की सगळं पुसलं जातं.

बिघडलेली डिस्क लॅपटॉपच्या आत, थेट साटावरच राहू द्यावी आणि नवी एसएसडी यूएसबी-साटा अडॅप्टरवर लावावी. उलट केलं तर खराब सेक्टरवर अडॅप्टरच रीसेट होतो आणि डिस्क मधेच गायब होते. शिवाय फिरायला सुरुवात करताना २.५ इंची डिस्क साधारण १ अँपिअरपर्यंत खेचते. यूएसबी २ पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतो, मग चांगली डिस्कही मेल्यासारखी वागते.

खरेदीत आकाराची मेख लक्षात ठेवा. ५०० जीबीच्या डिस्कची हुबेहूब नक्कल ४८० जीबीच्या एसएसडीवर मावत नाही, आत कितीही जागा रिकामी असली तरी. पार्टिशन लहान करून मावते, पण त्यासाठी आजारी डिस्कवर भरपूर लिहावं लागतं. म्हणून ५०० किंवा थेट १ टीबी घ्यावी. एमएक्स५०० निवडण्याचं कारण म्हणजे तीत डीरॅम (वेग टिकवणारी स्वतःची छोटी मेमरी) आहे, टीएलसी मेमरी (डेटा साठवणाऱ्या चिपचा एक प्रकार) आहे, ५ वर्षांची वॉरंटी आणि १८० टीबी लिहिण्याची हमी आहे. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला हीच हमी ३०० टीबीची आहे. घरच्या वापराला दोन्ही भरपूर. क्रुशियलचीच बीएक्स५०० स्वस्त पडते, पण तीत डीरॅम नाही आणि वॉरंटी ३ वर्षांची. मोठी फाइल उतरवताना ती मधेच मंदावते. आधीच्या हार्ड डिस्कपेक्षा तीही कितीतरी वेगवान, तेव्हा बजेट तंग असेल तर तिलाही नाही म्हणू नये.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) घेणार असाल तर जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ याला भुलू नका. डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू तास आणि एकूण लिखाण बघणं. नव्या डिस्कवर दोन्ही जवळपास शून्यच हवेत.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर काढा, आतली असेल तर झाकण उघडताच तिचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. खालच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ते जागच्या जागी टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हजवळ लपलेले स्क्रू न काढता झाकण ओढलं तर लॉक तुटतात. बाद एटीएम कार्ड कडेने फिरवलं की लॉक सुटत जातात. डिस्कच्या दोन्ही बाजूंची पत्र्याची चौकट आणि टोकाचा छोटा कनेक्टर जुन्या डिस्कवरून काढून नव्यावर लावायचा असतो. बरेच जण तो जुन्या डिस्कसोबतच ठेवून देतात आणि मग एसएसडी बसतच नाही. एसएसडी ७ मिमी जाड असते. जागा ९.५ मिमीची असेल तर डब्यातली पट्टी चिकटवा, नाहीतर ती कनेक्टरवर हलत राहते.

चालू झाल्यावर चेकडिस्क नव्या डिस्कवर चालवलं, त्यात काही फाइल्स तुटलेल्या निघाल्या. त्या आधी काढलेल्या प्रतीतून परत ठेवल्या. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं दिसतंय ना, ते बघा. तसं असेल तर विंडोज सहसा डीफ्रॅग (फाइल्सचे तुकडे जुळवणं) न करता ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी सूचना) पाठवतं.

आता महिन्यांनंतरचं. चालू केल्यापासून काम सुरू होईपर्यंत तीन-चार मिनिटं जायची, आता वीसेक सेकंदांत होतं. त्याहून मोठा फरक म्हणजे अपडेट चालू असतानाही एक्सेल उघडतं. हेड जागा शोधत फिरत नसल्याने हे होतं, ५६० एमबी प्रति सेकंद या डब्यावरच्या आकड्यामुळे नव्हे. २०१० च्या आसपासच्या, ३ गिगाबिट साटाच्या मशीनवरही म्हणूनच फायदा होतो. एकूण लिखाण ४ टीबीच्या आसपास झालंय, म्हणजे १८० ची चिंता करण्याचं कारण नाही. भर ऑक्टोबरात तापमान ४५ अंशांच्या आत राहिलं. झाकण मिटून स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप गर्दीच्या डब्यात बॅगेत जागा झाला, तरी आता फिरत्या चकतीला धक्का बसायची भीती नाही. बॅटरी थोडी जास्त टिकते, फार नाही; बॅटरी खाणारा खरा भाग स्क्रीन आणि प्रोसेसर.

काही गोष्टी यातून सुटत नाहीत. ४ जीबी रॅम असेल तर एसएसडी कमतरता झाकते, भरून काढत नाही. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे वाढीव सुरक्षा अपडेट किंवा लिनक्स हा विचार सोबत करावाच लागतो. बॅकअपही थांबवू नका. हार्ड डिस्क बहुतेकदा कुरकुरत जाते, एसएसडी मात्र तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रण चिप) गेला की एका क्षणात, आणि तिच्यातून डेटा काढणं जास्त कठीण. कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायच्या प्रतीसाठीही एसएसडी वापरू नये, वीज नसताना ती हळूहळू विसरते, उष्णतेत लवकर.

जुनी डिस्क केसमध्ये घालून ‘सिनेमांसाठी’ वापरायचा मोह होतो. सी५ वाढत असेल तर तेही नको. नवी व्यवस्था महिना-दोन महिने नीट चाललेली बघेपर्यंत ती तशीच राखून ठेवा, मग ई-कचऱ्यात द्या. त्याआधी पुसून घ्या, पण बाद झालेल्या सेक्टरांपर्यंत पुसणारा प्रोग्राम पोचत नाही. बँकेची कागदपत्रं असतील तर चकतीच फोडावी लागते. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बऱ्याचदा काचेची असते, म्हणून डिस्क जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावूनच हातोडा घाला.