चिऱ्यांच्या घरात एक प्रिंटर, अनेक यंत्रं: पावसाळ्यानंतरचा अनुभव

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घरात विंडोजचा लॅपटॉप, थोरल्याचा मॅकबुक, जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू आणि प्रत्येकाच्या हातात अँड्रॉइड फोन, असा सगळा गोतावळा आहे. उन्हाळ्यात नेटवर्कला जोडता येणारा साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेतला. आता चवथ झाली, पाऊसही ओसरला, म्हणून लिहायला बसलो.

पूर्वीचा प्रिंटर यूएसबीने लॅपटॉपला जोडून शेअर केलेला होता. लॅपटॉप बंद, तर अख्ख्या घराचं छापणं बंद. शिवाय ऑगस्ट २०२१च्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) घालायला विंडोजमध्ये अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात.

नवा थेट राउटरला लॅन केबलने जोडला. घेताना खोक्यावर एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन नावं आहेत का तेवढं पाहा, मिनिटाला किती पानं याला घरात फारसा अर्थ नाही. ही दोन असली की मॅक, उबुंटू आणि फोन ड्रायव्हरशिवाय छापतात. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि ‘प्रिंटर ऑफलाइन’चा घोळ सुरू होतो; आमच्याकडे पावसात वीज किती वेळा जाते ते गोंयकाराला सांगायला नको. विंडोजमध्येही तोच पत्ता टाकून टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंटरशी थेट जोडणी) केला, ९१०० क्रमांकाचा. तेव्हापासून तक्रार नाही.

खरी डोकेफोड इंटरनेटची. फायबरचा डबा पुढच्या खोलीत, आणि चिऱ्यांच्या दोन जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जवळपास मरतंच. म्हणून मागे दुसरा राउटर बसवला. असा राउटर नेहमीच्या पद्धतीने लावला की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. मागच्या खोलीत इंटरनेट मिळतं, पण प्रिंटर दिसत नाही, कारण फोन ज्या हाकेने प्रिंटर शोधतो (एमडीएनएस) ती राउटर ओलांडत नाही. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न थाटता मुख्य राउटरचंच पुढे पोहोचवतो. तो मोड नसेल तर डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून, त्याचा पत्ता मुख्य राउटरशी भिडणार नाही असा देऊन मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला.

चवथीच्या पाहुण्यांना गेस्ट वाय-फाय दिलं. त्यावरून प्रिंटर दिसत नाही, आणि ते बरंच आहे.

राउटर इन्व्हर्टरवर आहे, प्रिंटर नाही. लेझरचा फ्यूझर (छपाई कागदावर पक्की करणारा तापता भाग) तापताना एकदम खूप वीज ओढतो. आषाढात कागद ओल धरतो, वळतो, अडकतो. रीम घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं.

सोबत आलेल्या कार्ट्रिजमध्ये टोनर (शाईची पूड) बहुधा कमी असतो. आरत्यांच्या वह्या आणि जत्रेच्या नाटकाच्या नकला (संहितेच्या प्रती) यांतच ते संपलं. घरात नाटकवेडे असतील तर दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं मॉडेल घ्या, नाहीतर तालमीच्या आदल्या रात्री कुणाला तरी कागद उलटत बसावं लागतं.