गगन: छोट्या विमानतळांसाठी ५ पैकी ४ तारे

मी बावीस वर्षं आयएलएसची, म्हणजे धावपट्टीजवळून रेडिओ सिग्नल देऊन विमानाला उतरवणाऱ्या यंत्रणेची देखभाल केली. पावसाळ्यात ग्लाइड स्लोपच्या (उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या सिग्नलच्या) अँटेनासमोरचं गवत वाढलं की जीव खाली-वर व्हायचा, कारण तो सिग्नल जमिनीवरून परावर्तित होऊनच घडतो. गवत कापा, साचलेलं पाणी काढा, तपासणीच्या विमानाची वाट बघा. आणि हा सगळा खर्च धावपट्टीच्या एकाच टोकासाठी! दिवसाला दोन-तीन विमानं येणाऱ्या विमानतळाला तो कसा झेपणार?

म्हणून गगन मला मनापासून आवडतं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही प्रणाली जीपीएसमधली चूक शोधून तिची दुरुस्ती उपग्रहावरून थेट विमानाला कळवते. धावपट्टीपाशी यंत्र नाही, फक्त नीट आखलेला उतरण्याचा मार्ग. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान असं उतरलं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

एक तारा कापला, कारण विमानातही तसा रिसीव्हर लागतो आणि तो सगळ्यांकडे नाही. शिवाय गगनच्या एपीव्ही-१ दर्जाला (उंचीचंही मार्गदर्शन देणाऱ्या उतरण्याच्या दर्जाला) २५० फुटांवर धावपट्टी दिसावीच लागते. साधं, म्हणजे कॅट-१ दर्जाचं आयएलएसही २०० पर्यंत नेतं. दाट धुक्यात ते पन्नास फूट फार मोठे असतात.