फिलिप क्वास्ट यांचा जाव्हेर : ‘ले मिझराब्ल’च्या १९९५च्या मैफलीचं चित्रण

‘ले मिझराब्ल’ या संगीत नाटकाला लंडनमध्ये दहा वर्षं झाली म्हणून ८ ऑक्टोबर १९९५ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जी मैफल झाली, तिची डीव्हीडी घ्यावी ती गायक-नट फिलिप क्वास्ट यांच्या जाव्हेरसाठी. नेपथ्य जवळजवळ नाहीच. वेशभूषा केलेले नट मायक्रोफोनसमोर उभे राहून गातात, मागे वाद्यवृंद. खलनायकाला लपायला जागाच नाही. चेहरा आणि गळा, एवढंच हाताशी.

जाव्हेर म्हणजे भाकरी चोरलेल्या व्हालज्याँचा वर्षानुवर्षं माग काढणारा पोलीस निरीक्षक. त्याला खुनशी रंगवणं सोपं आहे आणि तिथेच भूमिका फसते. तो लाच खात नाही, स्वतःसाठी काही मिळवत नाही. त्याचा जन्मच तुरुंगात झालेला. हे संहितेत येतं फक्त व्हालज्याँबरोबरच्या चकमकीत, आणि तिथे दोघं एकाच वेळी गात असल्यामुळे ओळ सहज निसटते. क्वास्ट यांचे शब्दोच्चार इतके स्वच्छ आहेत की ती कानात राहते. (हा भाग हेडफोन लावूनच ऐका.) ज्या गाळातून वर आलो त्याचीच या माणसाला धास्ती आहे, हे एकदा कळलं की त्याचा कडकपणा वेगळा दिसू लागतो.

‘स्टार्स’ हे त्याचं पद. मुळात ती प्रार्थना आहे : आकाशात प्रत्येक ताऱ्याची जागा ठरलेली, जो ढळेल तो जळेल. अनेक गायक तिची धमकी करतात, पहिल्याच ओळीला पूर्ण आवाज लावतात आणि मग शेवटच्या शपथेसाठी काही शिल्लक उरत नाही. क्वास्ट आवाज राखून सुरुवात करतात आणि शेवटच्या लांब स्वरावर तो मोकळा सोडतात. राग जाणवत नाही, श्रद्धा जाणवते.

ही श्रद्धा नसेल तर जाव्हेरची पुढची आत्महत्या पटत नाही. व्हालज्याँने जीवदान दिल्यावर जाव्हेर जे स्वगत गातो त्याची चाल नवी नाही. ज्याच्या घरी चोरी केली त्या बिशपने, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूने, क्षमा केल्यावर व्हालज्याँने गायलेलीच ती चाल, आणि व्हालज्याँच्या जगातून निसटण्याची ओळही दोघांच्या तोंडी तीच. एकाला त्या क्षमेतून नवं आयुष्य मिळतं, दुसरा सेन नदीत उडी घेतो. व्हालज्याँ झालेल्या कॉल्म विल्किन्सन यांचं स्वगत ऐकून लगेच क्वास्ट यांचं लावा. इथे ते गोंधळलेला, आधार सुटलेला माणूस उभा करतात, आणि त्याची मनापासून कणव येते.

उणीव एकच, पण मोठी : नाटक पूर्ण नाही. काही भाग गाळलेत, मधे रंगमंचीय प्रयोगातली दृश्यं पेरलीत. गोष्ट ठाऊक नसलेल्याने आधी कथानक वाचून घ्यावं. नुसती ध्वनिमुद्रिकाही मिळते, आवाजासाठी ती पुरेल; पण स्वगतातला चेहरा पाहायचा असेल तर डीव्हीडीच हवी.