चार महिने एअर रायफलीचे छर्रे तोलले, त्याचा हिशोब

रविवारी रबाळे एमआयडीसीत आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. गाळ्याचं शटर आतून लावून घेतलं आणि लेथपासून मागच्या भिंतीपर्यंत फीत टाकली, की साडेदहा मीटर भरतात. हीच माझी रेंज. गेल्या दिवाळीत एअर रायफल घेतली, तेव्हापासून जूनपर्यंत नऊ डबे संपवले. डब्यात ५००, म्हणजे साडेचार हजार छर्रे. एवढं झाल्यावर लिहायला हरकत नाही.

रायफल देशी बनावटीची. ब्रेक बॅरल म्हणजे नळी वाकवून भरायची, स्प्रिंगवाली, .१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर. या बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आणि २० जूल ऊर्जेच्या आतल्या रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची आणि वयाच्या पुराव्याची प्रत ठेवून घेतो, बस. एका मित्राने क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र, आणला होता. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे १४ जूल. मर्यादेच्या बरीच आत.

आता तोलण्याचं खूळ कुठून आलं ते सांगतो. अमेरिकेत शेतात बिळं करून ठेवणाऱ्या ग्राउंडहॉगसारख्या प्राण्यांसाठी लोक घरच्या घरी रायफलीची काडतुसं भरतात. काडतुसाची रिकामी नळी, म्हणजे केस, साफ करायची, दारू पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, बसवायचा, दारू काट्यावर दाणा-दाणा मोजायची, वर गोळी दाबायची. असे व्हिडिओ मी रात्र-रात्र बघितले. टूलरूममध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ते बघून हात शिवशिवणारच. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा तो विषय बंद. एअर रायफलीत तर दारू नाही, केस नाही, प्रायमर नाही. उरला तो छर्रा. म्हणून सगळी खाज छर्र्यावर निघाली.

एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा, २० ग्रॅम क्षमतेचा डिजिटल काटा मागवला. त्यावर काम करायचं तर पंखा बंद, खिडकी बंद, आणि श्वाससुद्धा बेताने. नाहीतर शेवटचा आकडा जागेवर थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या गाळ्यात पंखा बंद करून बसणं काय असतं, ते रबाळ्यातल्या माणसाला सांगायला नको. एका डब्याला अडीच तास लागायचे. चिमट्याने छर्रा उचलायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, त्या वजनाच्या डबीत टाकायचा. आमचे फिटर काका एका शनिवारी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले होते. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सोनार झालास काय रे?"

०.५३ ग्रॅमच्या आयात मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, छर्र्यांच्या डब्यात बहुतेक नग ५२७ ते ५३४ मिलिग्रॅममध्ये बसले. स्वस्तातल्या टोकदार छर्र्यांच्या डब्यात मात्र सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात ४० मिलिग्रॅमचं अंतर निघालं. तो डबा मी रिकाम्या पत्र्याच्या डब्यांवर नेम धरायला वापरून टाकला.

चार महिने तोलल्यावर एकदा शांतपणे परीक्षा घेतली. एकाच ठिपक्यावर पाच छर्रे मारले की भोकांचा जो पुंजका पडतो तो ग्रुप; जेवढा लहान तेवढा चांगला. तोललेल्या छर्र्यांचे असे दहा ग्रुप, आणि तशाच डब्यातून सरळ उचललेल्यांचे दहा. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत व्हर्नियर लावला. तोललेल्यांची सरासरी ११ मिलिमीटर, न तोललेल्यांची १२. त्या एक मिलिमीटरला फरक म्हणायची हिंमत मला झाली नाही.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कागद घेतला. २३० मीटरच्या वेगाने १० मीटर जायला छर्र्याला ०.०४३ सेकंद लागतात. तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने खाली येतो जेमतेम एक सेंटीमीटर. छर्रा ५ मिलिग्रॅमने जड असेल तर वजनात एक टक्का फरक, वेगात अर्धा टक्का, आणि खाली येण्यात पुन्हा एक टक्का. एक सेंटीमीटरचा एक टक्का म्हणजे ०.१ मिलिमीटर. दहा मीटरच्या ऑलिम्पिक टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपकासुद्धा ०.५ मिलिमीटरचा असतो. मी चार महिने घाम गाळला तो त्या ठिपक्याच्या पाचव्या हिश्श्यासाठी. २५ मीटरवर हेच गणित पाऊण मिलिमीटरच्या घरात जातं, तिथे तोलण्याला थोडा तरी अर्थ असेल. माझा गाळा तेवढा लांब नाही.

उपयोग झाला तो दोन बिनखर्चाच्या गोष्टींचा. पहिली, काच. जुन्या टेबलाची एक काच होती, तिच्यावर छर्रा बोटाने हलकेच लोटायचा. छर्र्याचं बूड डोक्यापेक्षा रुंद असल्यामुळे तो सरळ जात नाही, छान कमान घेत वळतो. बुडाची कड कुठे चेपली असेल तर वळता वळता लंगडतो, टकटक आवाजही येतो. पार्सलमध्ये आदळआपट झालेल्या एका डब्यात असे तीसेक निघाले, एरवी दहा-पंधरा. हे वेगळे काढले की ग्रुपमधून एकटाच बाहेर पळणारा छर्रा जवळजवळ बंद झाला. अख्खा डबा वीस मिनिटांत होतो, आणि पंखा चालू ठेवून.

दुसरी गोष्ट, डोक्याचं माप. आधी मायक्रोमीटरने मोजायला गेलो आणि माझंच हसू आलं. शिसं इतकं मऊ की पुरेसा दाब आल्याची रॅचेट टकटक वाजेपर्यंत ४.५० चा ४.४८ होतो. शेवटी शेजारच्या वायरकटवाल्याकडून (तारेने धातू अचूक कापणारा) पट्टीत चार भोकं पाडून घेतली, ४.४९ पासून ४.५२ पर्यंत. पैसे घेतले नाहीत त्याने, दोन छर्रे मारायला मिळावेत एवढीच अट. आमच्या नळीला ४.५१ मानवतो. एकाच मापाचे निवडून मारले तर ग्रुप ९ पर्यंत आला. हा फरक खरा आहे, तीनदा करून बघितलाय.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फरक पडला तो बंदूक धरण्याने, आणि तो काकांमुळे कळला. मी पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून बसायचो. काकांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती, पण स्प्रिंग आणि पिस्टन त्यांच्या रोजच्या ओळखीचे. म्हणाले, "स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढं, बंदूक मागं. पिस्टन आपटला की बंदूक परत पुढं. तुझा छर्रा तेव्हा नळीतच असतोय. तू आवळून धरलीस तर ती दर वेळी वेगळी उडणार. मोकळी सोड तिला." उघड्या तळहातावर नुसती टेकवून मारायला लागलो. पिशवीवर दाबून २० ते २२ मिलिमीटरचा ग्रुप पडायचा, तो १२ वर आला. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा त्यानंतरच्या आहेत.

रायफलीबद्दल तक्रारी आहेत. पहिले तीनशे छर्रे धूर आणि जळक्या तेलाचा वास. कारखान्यातलं जास्तीचं तेल दाबाने पेट घेतं, तोवर वेगही वाटेल तसा वर-खाली होतो. मागच्या साइटचा (नेम धरायच्या खाचेचा) स्क्रू दर शंभर छर्र्यांनी ढिला व्हायचा. थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब टाकल्यावर गप्प बसला. ट्रिगर जड आहे, आणि जडच राहील. स्वस्तातला स्कोप दोन महिन्यांत गेला, आतली फुली तिरकी झाली. स्प्रिंग रायफलीचा धक्का दोन्ही बाजूंनी बसतो आणि साधा स्कोप तो सोसत नाही. विकताना हे कुणी बोललं नाही, परत न्यायला गेल्यावर मात्र "हे वॉरंटीत बसत नाही" हे लगेच आठवलं. आता साध्या साइटवरच मारतो आणि काही अडत नाही.

शिशाचं तेवढं पाळा. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या ग्लासाला हात लावू नका. छर्रे अडवायला तीन मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट मागे घालून पेटी केली आहे, पुढे जुने कागद दाबून भरलेत. पेटी रिकामी करताना मास्क लावतो. पावसाळी हवेत उघड्या राहिलेल्या डब्यातल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते, ती नळीत जाऊ द्यायची नाही. सिलिका जेलची पुडी टाकून झाकण चिकटपट्टीने बंद केलं की चालतं.

"उंदरांवर चालते का?" हे सगळ्यांनी विचारून झालंय. तुर्भ्याला एपीएमसीत एका मित्राचं धान्याचं गोदाम आहे, त्याने तर गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. खाली कोबा, बाजूला लोखंडी रॅक, छर्रा उसळून कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. आणि चुकलेला छर्रा तांदळाच्या पोत्यात शिरला तर ते शिसं कुणाच्या तरी ताटात जाणार. घूस नुसती जखमी होऊन पोत्यांमागे जाऊन मेली तर वास वेगळाच. त्याला शटरखालची फट पत्र्याने बंद करायला लावली आणि भिंतीच्या कडेने चापाचे सापळे लावून दिले. पहिल्या आठवड्यात अकरा. ऐरोलीला सोसायटीतल्या एका आजोबांना कबुतरं "उडवून" हवी होती. त्यांना बाल्कनीला जाळी लावणाऱ्याचा नंबर दिला.

आता नवीन डबा आला की काच, मग भोकांची पट्टी, आणि अर्ध्या तासात नेम धरायला मोकळा. काटा एकदम चांगल्या स्थितीत आहे, २० ग्रॅमच्या वजनासकट. कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन. फक्त आधी बायकोला विचारावं लागेल, सध्या ती त्यावर श्रीखंडाचं केशर तोलते.