दृष्टिहीन मुलांना शिकवायचंय: स्पेशल बी.एड. की एम.एड.?

साधं बी.एड. झालेले बरेच जण विचारतात की आता डायरेक्ट स्पेशल एम.एड. करू का. तर स्पेशल बी.एड. आणि स्पेशल एम.एड. दोन्ही 2 वर्षांचे, दोन्हीला आरसीआयची (1992 च्या कायद्यातली भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता लागते, पण काम अगदी वेगळं.

स्पेशल बी.एड.मध्ये प्रत्यक्ष हाताने काम करावं लागतं. ब्रेल (बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी) पाटी-कलमने लिहायचं म्हणजे उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पलटून वाचायचं, पहिला महिना डोकं गरगरतं बघा! शिवाय अ‍ॅबॅकस, टेलर फ्रेम (गणितं मांडायची पाटी), पांढरी काठी घेऊन चालणं, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), अल्पदृष्टीच्या मुलांसाठी मोठी अक्षरं आणि प्रत्यक्ष वर्गातले पाठ.

एम.एड.मध्ये प्रबंध, संशोधन, अभ्यासक्रम कसा बनवायचा वगैरे. पुढे बी.एड.वाल्यांना शिकवायचं असेल तर हेच. पण नुसत्या साध्या बी.एड.वर प्रवेश नाही, सोबत स्पेशल एज्युकेशनचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, नाहीतर स्पेशल बी.एड.

माझं विचाराल तर वर्गात उभं राहायचं असेल तर आधी स्पेशल बी.एड.च करा, दुसऱ्यांदा बी.एड. म्हणून नातेवाईक हसतील, हसू देत. आणि अ‍ॅडमिशनआधी त्या कॉलेजची मान्यता आरसीआयच्या यादीत स्वतः बघा, नाहीतर पुढे आरसीआयकडे नोंदणी करताना अडकाल.